हवालदार साळुंख्यांचं इंग्रजी

गुंडा साळुंखे फौजेतून हवालदार म्हणून सुटून कुंडलला आला, तेव्हा त्याच्यासाठी दोन नोकऱ्या वाट बघत बसल्या होत्या. एक साखर कारखान्याच्या फाटकावर, दुसरी तालुक्याच्या गावी एका बँकेत. बँकेची नोकरी त्याचा मेव्हणा विश्वजीत घेऊन आला होता, आणि ती सांगताना तो इतका खुशीत होता की जणू स्वतःच रुजू होणार होता.

"दाजी, पंख्याखाली खुर्ची, खांद्याला बंदूक. पेन्शन येगळी, पगार येगळा. माणसाला आनि काय पायजे?"

गुंडानं बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मी पुढं शिकणार हाय."

विश्वजीतनं बहिणीकडं बघितलं. संयोगिता चुलीपुढून दुसरा चहा गाळून आणत होती, ती दारातच थांबली. ही बातमी तिलाही आत्ताच कळत होती. अठरा वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या बातम्या तिला अशाच कळत आल्या होत्या, तो दुसऱ्या कुणाला तरी सांगत असताना.

"शिकणार म्हंजी? तुमी फौजेत ऱ्हाऊन बीए झालायसा की."

"त्याच्या पुढचं."

एवढं बोलून गुंडा उठला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला. त्याच्या मते त्यानं सगळं सांगितलं होतं.

गुंडाचं सगळं आयुष्य फौजेच्या सिग्नल पलटणीत, वायरलेसवर गेलं. एकोणिसाव्या वर्षी तो भरती झाला. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी उत्तरेकडच्या उस्तादानं नाव विचारलं. यानं ताठ उभं राहून सांगितलं, "गुंडा, सर." उस्ताद म्हणाला, "नाम पूछा है, धंधा नहीं." त्या दिवसापासून आख्ख्या पलटणीत त्याचं नाव कुणी विसरलं नाही. कानाला हेडफोन लावून तो वीस-बावीस वर्षं निरोप घ्यायचा आणि पुढं द्यायचा. वाळवंटात, बर्फात, दोन वर्षं आफ्रिकेत शांतिसेनेबरोबर. वायरलेसवर बोलायची रीत ठरलेली असते. कमीत कमी शब्द, स्पष्ट आवाज, आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाही. ती रीत त्याच्या इतकी अंगात मुरली होती की रजेवर येण्याआधी घरी फोन केला, तरी तो म्हणायचा, "तब्येत ठीक. पैसे पाठवलेत. मंगळवारी येतोय. आईला सांग." आणि फोन बंद. संयोगिता पलीकडं नुसता फोन धरून उभी राहायची.

पुढं शिकायचं त्याच्या डोक्यात आलं ते एकोणीस सालच्या पुरात. तेव्हा तो रजेवर होता. कुंडल नदीपासून लांब, पण त्याची थोरली बहीण नदीकाठच्या गावात दिलेली. तिला बघायला म्हणून गेला तो आठवडाभर तिथंच अडकला. लाईट नाही, मोबाईलचे टॉवर मुके. घरांच्या धाब्यांवर माणसं चढून बसलेली, आणि प्रत्येक जण ओरडून काहीतरी सांगतोय. कुणाचं औषध संपलंय, कुणाची गाय दाव्याला बांधून राहिलीय. बोटी होत्या, माणसं होती, भाकरी तर इतक्या आल्या होत्या की खराब व्हायला लागल्या. पण कुठं काय पोचवायचं ते एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. एका वस्तीवरून "दूध पायजे" असा निरोप निघाला आणि तिसऱ्या तोंडाला येईपर्यंत "दूध हाय" असा झाला. गुंडानं मग गावातली तरणी मंडळी गोळा केली, उंच घरांवर दोघं-दोघं बसवले आणि त्यांना एकच शिकवलं: ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, समोरचा बरोबर म्हणाला की मगच पुढं द्यायचं. दुसऱ्या दिवसापासून बोटी हेलपाटे न घालता जायला लागल्या.

पुण्याच्या एका संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, हे त्याला नंतर कळलं. तिथं प्रवेश परीक्षा होती. गणित, सामान्य ज्ञान याची त्याला भीती नव्हती. पण इंग्रजीचा पेपर स्वतंत्र होता, आणि त्यात पास झाल्याशिवाय बाकीचे पेपर तपासतच नव्हते. त्यातून निभावलं तर वर मुलाखत, तीही इंग्रजीत.

गुंडाला वाटलं होतं, आपल्याला इंग्रजी येतं.

सांगलीत विश्रामबागेजवळ वल्लरी आपटे नावाची मुलगी अशा परीक्षांचा वर्ग घ्यायची. वय सत्तावीस, आवाज बारीक, पण वर्ग ताब्यात ठेवणारी. घराच्या वरच्या मजल्यावरच वर्ग होता. पहिल्या दिवशी गुंडा दारात उभा राहिला तेव्हा पोरांना वाटलं, कुणाचे तरी वडील आलेत. तो शेवटच्या बाकावर ताठ बसला. वल्लरीनं इंग्रजीत काहीतरी समजावलं आणि सगळ्यांना समजलं का म्हणून विचारलं. पोरं माना हलवत होती. मागून खणखणीत आवाज आला, "रॉजर!"

वर्ग हसला. गुंडाही हसला. पण हसताना त्याच्या लक्षात आलं की हे जरा अवघड जाणार आहे.

किती अवघड, ते पहिल्या निबंधाला कळलं. विषय होता, तुमच्या आयुष्यातला न विसरता येणारा प्रवास. शब्द अडीचशे. शेजारी बसलेला वरद नावाचा इंजिनिअर पोरगा खाली मान घालून भराभर पानं भरत होता. गुंडानं दहा मिनिटांत वही नेऊन दिली. वल्लरीनं वाचलं. वाचून परत पहिल्या ओळीवर आली.

"रीच्ड स्टेशन. रेन हेवी. बस निल. वॉक्ड होम," तिनं मोठ्यानं वाचलं. "काका, हे सगळं मिळून अडतीस शब्द आहेत."

"जी मॅडम."

"अडीचशे हवेत."

"पण सगळं आलंय की त्यात. काय ऱ्हायलंय ते सांगा, घालतो."

वल्लरीनं परत वाचलं. खरंच काही राहिलं नव्हतं. "तुम्हाला कसं वाटलं, ते राहिलंय," ती शेवटी म्हणाली.

"कवा?"

"चालत घरी जाताना. एवढ्या पावसात."

गुंडा विचार करून म्हणाला, "भिजलो."

शिवाय त्याच्या इंग्रजीत 'अ' नव्हता, 'अ‍ॅन' नव्हता, 'द' तर औषधालासुद्धा नव्हता. वायरलेसवर असल्या बारक्या शब्दांना कोण विचारतो? बोलताना तो 'आहे' आणि 'होता'सुद्धा गाळायचा. पहिल्या सराव परीक्षेत त्याला शंभरात एकतीस मिळाले. वरदला चौऱ्याऐंशी. वरदला त्याचं वाईट वाटलं म्हणून तो खाली येऊन गाड्यावर चहा पाजायला लागला, आणि गुंडानं त्याला थांबवून दोघांच्या चहाचे पैसे स्वतःच दिले आणि वर खारी खायला घातली.

गुंडा चिकाटीचा माणूस. रोज सकाळी धारा काढून झाल्या की मोटारसायकलला किक मारायची आणि सांगली गाठायची. 'द' कुठं लावायचा याचा नियम वल्लरीनं त्याला सोपा करून दिला: "एखादी गोष्ट पहिल्यांदा आली की 'अ'. तिची ओळख झाली की 'द'." हे त्याला पटलं. घरी येऊन तो गोठ्यात म्हणून बघायचा. अ बफेलो केम. द बफेलो ड्रँक वॉटर. आणि मागोमाग मराठीत अर्थ.

संयोगिता शेण भरता भरता ऐकायची. एक दिवस तिनं विचारलं, "आवं, कोन म्हस पानी प्यायली म्हंता?"

"ही. चंद्री."

"मग नाव घ्या की तिचं. एवढी आठ वर्सं घरात हाय, आन् तिला 'द' म्हंताय."

दुसऱ्या दिवशी गुंडानं ही शंका वर्गात विचारली. वल्लरी म्हणाली, "बरोबर आहे काकूंचं. नाव घेतलं की 'द' लागत नाही." गुंडानं घरी येऊन ते सांगितलं, आणि संयोगिताचा चेहरा असा फुलला, जणू तिचाच एखाद्या परीक्षेत नंबर आला.

दिवाळीपर्यंत 'अ' आणि 'द' बऱ्यापैकी जागेवर बसले. निबंध अडतीसवरून शंभरावर आला. तिथं मात्र अडला तो अडलाच. कसाही ताणला तरी पुढं सरकेना. वल्लरीनं ठरवलं, यांची सराव मुलाखत घेऊन बघू. तिचे वडील गोपाळकृष्ण आपटे बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. इंग्रजी बोलायला मिळतंय म्हटल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चष्मा पुसला आणि टेबलाच्या पलीकडं येऊन बसले. समोर गुंडा, पाठ खांबासारखी.

नाव, गाव, शिक्षण झकास झालं. मग आपट्यांनी विचारलं, पुराच्या वेळी सरकारनं लोकांना गावातून आधीच हलवावं, की लोकांना ठरवू द्यावं? तुमचं मत काय?

गुंडा खुर्चीत आणखी ताठ झाला.

त्यांनी प्रश्न परत विचारला, सावकाश.

"नो ओपिनियन, सर."

आपट्यांनी चष्मा काढला आणि मराठीवर आले. "अहो साळुंखे, मत नाही कसं? पूर तुम्ही स्वतः पाहिलात. वीस वर्षं फौजेत काढलीत."

"सर, मत सांगायचं काम आमचं नव्हतं. दुसऱ्याचं मत असंल ते न चुकता पुढं द्यायचं, येवढंच काम." तो हे अगदी सरळपणे म्हणाला, तक्रार म्हणून नव्हे. मग म्हणाला, "मला कुणी इचारलंच न्हाई कवा."

आपट्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. त्यांनी उठून आत जाऊन स्वतःच्या हातानं लाडवाची ताटली आणली.

गुंडा जायला निघाला तेव्हा वल्लरी जिन्यात त्याच्यामागून आली. "काका, इंग्रजी तुमचं आता वाईट नाहीये. पण तुम्ही बोलतच नाही. मराठीत तरी बोलता का?"

"लागतंय तेवढं बोलतो."

"मग आता नवा गृहपाठ. रोज काकूंना एक गोष्ट सांगायची. तुमच्या नोकरीतली, कुठलीही. दहा मिनिटं. इंग्रजीत. मध्ये थांबायचं नाही."

"तिला इंग्रजी येत न्हाई."

"म्हणून तर. त्या चुका काढणार नाहीत."

हळदीच्या रानात खुरप्यानं तण काढायची भांगलण चालू होती. दुपारच्या जेवणाला दोघं बांधावरच्या आंब्याखाली बसले. गुंडानं भाकरी संपवली, हात धुतला, घसा खाकरला आणि सुरू केलं. आफ्रिकेत शांतिसेनेत असताना उरुग्वे देशाचा एक ऑपरेटर होता, तिथून सुरुवात झाली. रोज सकाळी रेडिओवर त्याची-याची गाठ. इंग्रजी दोघांचंही बेताचं, पण ठरलेल्या शब्दांत काम चालायचं. चार वाक्यं झाली आणि गुंडा थांबला.

संयोगिता ऐकत होती. नवऱ्याच्या तोंडाकडं इतका वेळ बघायला तिला क्वचितच मिळालं होतं. "उरुग्वे म्हंजी काय वो?"

"देस हाय. समुद्रापल्याड."

"मग त्येचं काय झालं?"

"हे इंग्रजीत सांगायचं हाय."

"मला आधी मराठीत सांगा. मग तुमी काय सांगायचं त्ये सांगा. मला गोष्टच कळली न्हाई, तर मी मान कशाला हलवू?"

हे बोलणं रास्त होतं. गुंडानं मराठीत सांगितलं. सहा महिने ते दोघं रोज रेडिओवर बोलत होते, आणि एकानं दुसऱ्याचं तोंड बघितलं नव्हतं. मग एकदा त्या माणसाची गाडी यांच्या तळावर आली. तो उतरून विचारत विचारत याच्या तंबूपाशी आला. तो माणूस उंचच्या उंच, लाल मिशीचा. दोघांनी एकमेकांना ओळखलं ते आवाजावरून. मिठी मारली. आणि मग बोलायचं काय? रेडिओ नाही, निरोप नाही, बोलायला विषयच नाही. दोघं समोरासमोर बसले आणि नुसते हसत सुटले. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गुंडानं त्याला चहा दिला, त्यानं गुंडाला त्यांच्याकडचा कडू पाला भिजवलेलं पाणी प्यायला दिलं.

"कसला पाला?"

"चहागत. नळीनं वढून प्यायचा."

"प्यायलासा?"

"पुरता."

संयोगिता हसायला लागली. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की पलीकडच्या रानातल्या बायका वळून बघायला लागल्या. आणि ती हसली म्हणून गुंडानं त्या माणसाची चाल करून दाखवली, मिशी कशी वळवायचा ते दाखवलं, तंबू कसा होता ते सांगितलं. मग तेच त्यानं इंग्रजीत सांगितलं. चुकत, अडखळत, पण थांबला नाही. दहा मिनिटांचा गृहपाठ तासभर चालला आणि त्या दिवशी त्यांची भांगलण अर्धी राहिली.

तिथून रोजचा नेम झाला. कधी रानात, कधी सकाळी गोठ्यात. संयोगिताला एकेक प्रश्न पडायचा. वाळवंटात आंघोळीचं काय करत होतासा? बर्फात भाकरी मिळायची का? साहेब रागवायचा का? गुंडा आधी दोन शब्दांत उत्तर द्यायचा, मग ती म्हणायची, "येवढंच?" आणि त्याला आणखी काहीतरी आठवायचं. त्याला स्वतःलाच नवल वाटायला लागलं. एवढं सगळं आपल्यापाशी होतं कुठं? त्याची आई बनुबाई एकदा ओसरीवरून म्हणाली, "ह्यो गुंडा लहानपनी असाच बडबड्या हुता. फौजेनं तोंड शिवलं हुतं त्येचं."

एका सकाळी संयोगितानं धार काढता काढता, मान वर न करता विचारलं, "राजनंदिनी झाली तवा तुमी कुठं हुतासा?"

राजनंदिनी त्यांची लेक. आता दहावीत होती, आणि घरात अभ्यासावरून बापाशी तिची स्पर्धा चालायची. ती जन्मली तेव्हा गुंडा वरती लडाखकडं होता. सोळा वर्षांपूर्वी त्यानं आठ दिवसांनी फोन करून एवढंच विचारलं होतं, "दोघी ठीक?" ते संयोगिता विसरली नव्हती. ती ते बोललीही नव्हती.

गुंडा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "ड्यूटीवर हुतो. सेटवर."

"मग?"

"खालच्या चौकीवरनं निरोप आला. 'नायक साळुंखे के लिए. बेटी हुई है, माँ-बच्ची दोनों ठीक.' मी परत म्हणून दाखवला. तो म्हणाला, बरोबर. मी इचारलं, आगे किसको देना है?"

संयोगिताचे हात थांबले.

"तिकडनं आवाजच न्हाई. मला वाटलं सेट बंद पडला. मग तो म्हणाला, 'अरे साळुंखे, तेरा ही है.'"

"आन् मग?"

"मग काय. ड्यूटी संपली तवा लंगरमधी गेलो. सांगितलं, शिरा करा. साखर व्हती, तूप थोडं व्हतं. बर्फात सगळ्यांनी शिरा खाल्ला."

"रडलासा?"

"लय थंडी व्हती तिकडं. डोळ्यातलं पानी सुदिक..."

"रडलासा का न्हाई त्ये सांगा."

"व्हय," गुंडा म्हणाला.

चंद्रीनं शेपटी हलवली, बादलीत धार परत वाजायला लागली. गुंडानं घसा साफ केला. गृहपाठ अजून बाकी होता. "आता हे इंग्रजीत सांगतो. माय डॉटर वॉज..."

"ऱ्हाऊ द्या," संयोगिता म्हणाली. "ह्ये इंग्रजीत न्हाई सांगायचं. परीक्षेत बी न्हाई. ह्ये माझं हाय."

परीक्षेचं केंद्र साताऱ्याला आलं. संयोगिता म्हणाली, मीही येते. दोघं मोटारसायकलवर पहाटे निघाले, कराड सोडलं आणि उंब्रजला हायवेच्या कडेला वडा खायला थांबले. गुंडानं बशी पुढ्यात घेतली. बर्फात, गोळीबारात जेवलेला माणूस, पण वड्याकडं बघत बसला. संयोगितानं त्याच्या बशीतला एक वडा उचलला आणि म्हणाली, "आय अ‍ॅम हंग्री."

गुंडानं चमकून बघितलं.

"बरोबर हाय का न्हाई? का 'द हंग्री'?"

"बरोबर हाय."

"मग खावा."

त्यानं खाल्ला.

साताऱ्यात परीक्षा संगणकावर होती. आजूबाजूला लेकीपेक्षा थोडी मोठी पोरं. बोटं चालवायची गुंडाला सवय होती. टंकलेखन तर त्याचा धंदाच होता. व्याकरण झालं, उतारा झाला. निबंधाचा विषय पडद्यावर आला: मोबाईलमुळं माणसं जवळ आली की दूर गेली? तीनशे शब्द, त्याच्यावर एकही चालणार नाही.

गुंडानं लिहायला घेतलं. फोन धरून गप्प उभ्या राहणाऱ्या बाईचं लिहिलं. रोज बोलून अनोळखी राहिलेल्या, आणि भेटल्यावर नुसतं हसणाऱ्या दोन सैनिकांचं लिहिलं. पुरातल्या दुधाच्या निरोपाचं लिहिलं. स्वतःचं मत लिहिलं: यंत्र नुसता आवाज पोचवतं, आणि आवाज पोचला म्हणजे माणूस पोचला असं नाही. हे वाक्य त्याला सुचलं तेव्हा तो स्वतःच खूश होऊन खुर्चीत मागं टेकला. खाली कोपऱ्यात आकडा बघितला आणि त्याचे डोळेच पांढरे झाले. चारशे साठ शब्द! वेळ उरला होता सात मिनिटं.

शेजारचा कुणी असता तर हबकला असता. पण लांबलेला निरोप कापायला गुंडाच्या हातासारखा हात त्या खोलीत दुसरा नव्हता. त्यानं वरपासून कात्री लावली. एकेक विशेषण, एकेक 'व्हेरी', अख्खी दोन वाक्यं. 'द' मात्र एकही कापला नाही. वेळ संपायच्या आत आकडा दोनशे अठ्ठ्याण्णववर आला. बाहेर येऊन त्यानं संयोगिताला सगळा निबंध तोंडानं म्हणून दाखवला, कापलेला भागसुद्धा.

निकाल लागला. इंग्रजीत शंभरात अडुसष्ट, आणि बाकीचे पेपरही निघाले. वल्लरीनं पेढे वाटले. वरदचा नंबर दुसऱ्याच कुठल्या कॉलेजात आधीच लागला होता, पण त्यानं दोन खाल्ले. मुलाखत ऑनलाइन होती. आपट्यांनी स्वतःची खोली दिली, पंखा आवाज करतो म्हणून बंद केला आणि घामाघूम होऊन दाराबाहेर कान लावून बसले.

पडद्यावर तिघं होते. मधल्या बाईंनी गुंडाला जवळजवळ तोच प्रश्न विचारला, लोकांना आधीच हलवावं का? दाराबाहेर आपट्यांनी डोळे मिटले.

गुंडा म्हणाला, मला वाटतं. आणि पुढं सांगायला लागला. माणूस घर सोडत नाही, कारण त्याला सांगणारा माणूस ओळखीचा नसतो. हुकूम पोचतो, पण तो कुणी दिला ते कळत नाही. गावातल्याच बायका-माणसांना आधी तयार करा, निरोप त्यांच्या तोंडून जाऊ द्या. त्यानं बहिणीच्या गावाचं सांगितलं, दाव्याच्या गाईचं सांगितलं. गाईला मागं सोडून जावं लागतंय म्हणून एक म्हातारा बोटीत बसायला तयार नव्हता, तेव्हा आपण काय केलं ते सांगितलं. व्याकरण दोन-चार ठिकाणी घसरलं. शेवटी मधल्या बाई हसून म्हणाल्या, साळुंखे, थँक यू, बाहेर अजून उमेदवार थांबलेत.

गुंडाचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं. जूनच्या अखेरीला कुणीतरी जागा सोडली आणि संस्थेतून फोन आला. तो फोन गुंडानं रानात घेतला. ठेवला आणि या वेळी विश्वजीतला किंवा आणखी कुणाला सांगायच्या आधी तो सरळ भांगलणीच्या ओळीतून चालत संयोगितापाशी गेला.

"लागलं माझं," तो म्हणाला. "पुण्याला. दोन वर्सं."

तिनं खुरपं खाली ठेवलं. आनंद तिच्या तोंडावर आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं. "परत दोन वर्सं," ती म्हणाली.

गुंडाला हे सुचलंच नव्हतं. तो ओळीतच खाली बसला. "मग नको जाऊ का? खरंच सांग. तुझं मत काय?"

संयोगितानं हातातली माती झाडली. "माझं मत इचारताय?"

"व्हय."

"मग आयका. राजनंदिनीची अकरावी तिकडंच करू. एक खोली घ्यायची. मी येनार. तुमी फोन कराल आन् 'तब्येत ठीक' म्हणाल, त्यो धंदा आता न्हाई चालायचा."

संध्याकाळी ओसरीवर सगळं बनुबाईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. रान विश्वजीत बघणार, म्हैस तिच्याकडं राहणार, यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. तिची अडचण वेगळीच होती.

"तू शिकनार तरी काय म्हणालास?"

"आपत्ती व्यवस्थापन."

"आपत्ती शिकाय जावं लागतं व्हय? आमच्यावर तर न शिकताच येती."

गुंडा हसला. मग मांडी घालून तिच्यासमोर बसला आणि तिला सांगायला लागला. नदीचं पाणी वर धरणापाशी कसं मोजतात, ते खाली यायला किती वेळ लागतो, तेवढ्या वेळात कुणी कुणाला काय सांगायचं, म्हातारी माणसं आधी का हलवायची. बनुबाई मध्ये मध्ये हुंकार देत होती. राजनंदिनी खांबाला टेकून ऐकत होती. संयोगितानं आत भाकरी थापता थापता दोनदा हाक मारली, जेवायला चला म्हणून, आणि दोन्ही वेळा कुणी उठलं नाही.

"आन् मग त्या पानी मोजनाऱ्याचं कुनी आयकलंच न्हाई तर?" बनुबाईनं विचारलं.

"हां," गुंडा पुढं सरकून म्हणाला, "आता तू खरा प्रश्न इचारलास, आई."